बर्लिनमधली कैद्यांना पत्रं लिहायची संध्याकाळ : दोन वर्षांचा अनुभव, चहासकट

आधीच सांगते, हे हॉटेल नाही, दुकान नाही, कोर्सही नाही. पण सेवा म्हणाल तर आहे, वेळ जातो, थोडे पैसे जातात, आणि नक्की काय मिळतं हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, म्हणून लिहितेय. यंदा इथल्या गणपतीत पुरीभाजीच्या रांगेत उभी होते तर तीन जणांनी वेगवेगळं येऊन विचारलं की तू म्हणे दर महिन्याला रशियातल्या राजकीय कैद्यांना पत्रं लिहायला जातेस, ते काय असतं गं, आणि त्याने कोणी सुटतं का? हातात प्लेट, मागून धक्के, काय उत्तर देणार. हे घ्या आता सविस्तर.

जागा बर्लिनच्या मोआबिट भागात, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. दिवसा तिथे लहान मुलांचा चित्रकलेचा क्लास असतो त्यामुळे टेबलं बुटकी आणि खुर्च्या त्याहून बुटक्या, जरा उंच माणूस बसला की गुडघे कानाशी. नाव-पत्ता मुद्दाम देत नाहीये, येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांचे आईवडील अजून रशियात आहेत. यायचंच असेल तर मला मेसेज करा. प्रवेश फुकट, दाराशी एक डबा ठेवलेला असतो त्यात पोस्टाच्या खर्चासाठी जमेल ते टाकायचं. चहा मिळतो, पण तो चहा म्हणजे मोठ्या थर्मासात सकाळी उकळून ठेवलेलं काळं पाणी, साखरेचे चौकोन बाजूला. चहाला पाचपैकी दीड. अर्धा मार्क थर्मासाला.

आत गेल्या गेल्या जे दिसतं ते मात्र मी विसरणार नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेले कागद. एका कागदावर एक माणूस. फोटो, नाव, जन्मसाल, कुठल्या कलमाखाली, किती वर्षं, तुरुंगाचा पत्ता. खाली पेन्सिलने बारीक अक्षरात कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं : मांजरं आवडतात, बुद्धिबळ खेळतो, फुटबॉलबद्दल लिहा, आई नुकतीच गेली तो विषय नको. तुम्ही एक चिमटा काढायचा, कागद घेऊन टेबलाशी बसायचं. बस. कोणी भाषण करत नाही, कोणी घोषणा देत नाही. पहिल्या दिवशी मी दोरीसमोर दहा मिनिटं नुसती उभी होते. कोणाला उचलायचं? आणि एकाला उचललं म्हणजे बाकीचे राहिले ना. शेवटी एका बाईंनी (रशियन, सत्तरीच्या, हातात विणकाम) माझ्याकडे न बघताच सांगितलं की ज्याचा कागद जास्त पिवळा पडलाय तो घे.

मला रशियन येतं. म्हणजे बरं येतं. रानडे इन्स्टिट्यूटला शिकले, फर्ग्युसन रोडवरच्या त्या दगडी इमारतीत, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, सोव्हिएत संघ केव्हाच फुटला होता आणि आई रोज म्हणायची आता ती भाषा शिकून कुणाशी बोलणार आहेस, जर्मन घे. झालं असं की आले जर्मनीत, जर्मन इथे येऊन धडपडत शिकले, आणि इतक्या वर्षांनी रशियन उपयोगी पडलं ते इथे, चिमट्यांच्या दोरीखाली. भाषा येणं महत्त्वाचं आहे कारण तिकडे तुरुंगात येणारं प्रत्येक पत्र सेन्सॉर वाचतो, आणि पत्र रशियनमध्ये नसेल तर ते अडकतं किंवा सरळ जातच नाही. इव्हान गर्शकोविच हा वॉल स्ट्रीट जर्नलचा पत्रकार मार्च २०२३ मध्ये येकातेरिनबुर्गला पकडला गेला तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं, जगभरून आलेली पत्रं गोळा करायची, रशियनमध्ये भाषांतर करायचं आणि मग आत पाठवायची. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी इथे आमच्यासारखे दोन-तीन जण बसतात, तुम्ही जर्मन, इंग्लिश काहीही सांगा, आम्ही उतरवतो. मराठीसुद्धा चालेल, मी आहे की.

तर पिवळा कागद. माझ्या हाती आला तो अलेक्सेई गोरिनोव यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हे मॉस्कोतल्या क्रास्नोसेल्स्की भागाचे नगरसेवक, पेशाने वकील. आपल्याकडे वॉर्डाच्या मीटिंगमध्ये गटारं, झाडांच्या फांद्या आणि बालदिनाचा कार्यक्रम असे विषय असतात ना, तसलीच एक मीटिंग, १५ मार्च २०२२. विषय, मुलांची चित्रकला स्पर्धा. हे उठून म्हणाले की युक्रेनमध्ये रोज मुलं मरतायत आणि आपण स्पर्धा कसल्या भरवतोय, आणि त्याला युद्ध म्हणाले, सरकारने ठरवून दिलेला "विशेष लष्करी मोहीम" हा शब्द वापरला नाही. मीटिंगचं रेकॉर्डिंग होतंच. एप्रिलमध्ये अटक, ८ जुलैला सात वर्षं. अपिलात किती कमी झाली असेल? एक महिना. युद्ध सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात, मार्च २०२२ मध्ये, रशियन सरकारने सैन्याबद्दल "खोटी माहिती" पसरवण्याचं नवं कलम आणलं, २०७.३, त्या कलमाखाली प्रत्यक्ष तुरुंगात गेलेले हे पहिले. कोर्टात काचेच्या पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी एक कागद धरला होता, तुम्हाला अजूनही हे युद्ध हवंय का असं त्यावर लिहिलेलं. वय तेव्हा साठ. आणि काही वर्षांपूर्वी क्षयामुळे फुप्फुसाचा एक भाग काढलेला.

मुलांच्या चित्रकला स्पर्धेवरून आत गेलेला माणूस, आणि मी बसलेय मुलांच्या चित्रकलेच्या क्लासात, बुटक्या खुर्चीवर, समोर पोस्टर कलरचे डाग. हे माझ्या घरी जाताना ट्राममध्ये लक्षात आलं.

आता प्रत्यक्ष सेवा. दोन मार्ग आहेत. एक साधं टपाल, पाकीट, तिकीट, डबा. जर्मनीहून परदेशी साध्या पत्राला पूर्वी १ युरो १० सेंट होते, २०२५ पासून १ युरो २५. पत्ता रशियन लिपीत सुवाच्य, कैद्याचं पूर्ण नाव आणि जन्मसाल. इथे मला एक मजा वाटली. रशियनमध्ये पूर्ण नाव म्हणजे आडनाव, स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावावरून केलेलं मधलं नाव, अलेक्सेई अलेक्सांद्रोविच. बाजूचा जर्मन मुलगा गोंधळला होता की वडिलांचं नाव कशाला, ते काय जामीन राहणार आहेत का. मी म्हटलं अरे आमच्याकडे शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत हेच आहे, यात विचित्र काय. त्या एका फॉर्मपुरती मी त्या खोलीतली सगळ्यात अनुभवी माणूस होते.

दुसरा मार्ग ऑनलाइन. हो, तुरुंगाला ऑनलाइन पत्र पाठवायची सेवा आहे, पैसे भरून, अधिकृत. वेबसाइटवर जायचं, प्रांत निवडायचा, तुरुंग निवडायचा, नाव आणि जन्मसाल टाकायचं, चौकटीत लिहायचं. पानामागे पैसे, एका पानात साधारण अडीच हजार अक्षरं, फोटो जोडला तर वेगळे, आणि उत्तर हवं असेल तर कोऱ्या कागदाचे वेगळे. म्हणजे तुमच्या पत्राबरोबर एक रिकामा फॉर्म छापून आत जातो, कैदी त्यावर हाताने लिहितो, तो स्कॅन होऊन तुमच्याकडे येतो. कल्पना ऐकायला झकास आहे. टपालाला कधी कधी महिना-दोन महिने लागतात आणि हे म्हणे काही दिवसांत.

म्हणे.

कंपनीचं नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माझी तक्रार नंबर एक, पैसे. मार्च २०२२ पासून व्हिसा-मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलंय, त्यामुळे इथलं कुठलंही कार्ड तिथे चालत नाही. वेबसाइट मात्र तुम्हाला पूर्ण पत्र लिहू देते, फोटो जोडू देते, फॉर्म भरू देते, आणि शेवटच्या पायरीला सांगते पेमेंट अयशस्वी, आणि मागे गेलात तर लिहिलेलं सगळं गायब. मी पहिलं पत्र दोनदा असं घालवलं. दुसऱ्यांदा मी खरंच रडकुंडीला आले होते कारण ते चांगलं झालं होतं, एखादंच पत्र होतं तसं. तेव्हापासून वहीत आधी लिहिते. आता उपाय असा की रशियाबाहेरचे काही स्वयंसेवक गट तुमचा मजकूर ईमेलने घेतात आणि त्यांच्याकडून पुढे धाडतात, इथे संध्याकाळीही त्याच गटांची यादी वापरतात. तक्रार नंबर दोन, ते स्टेटस. पार्सलसारखं ट्रॅकिंग दाखवतात, "तपासणीत", "सुपूर्द", आणि आपण येड्यासारखं दिवसातून चारदा बघत बसतो. माझं एक पत्र सव्वीस दिवस "तपासणीत" होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे आपण उगाच आपल्याच सरकारला चिकटवलंय. तक्रार नंबर तीन अशी की एकदा नुसतं "सेन्सॉरने नाकारले" आलं, कारण नाही, पैसे परत नाहीत. त्या पत्रात मी काय लिहिलं होतं? ते सांगतेच, पण आधी नियम.

नियम भिंतीवर लावलेले आहेत आणि विणकामवाल्या बाई पाठही म्हणून दाखवतात. युद्धाबद्दल नको. राजकारण नको. त्याच्या खटल्याबद्दल काही विचारू नका, तुमच्या एका भाबड्या प्रश्नावरून त्याच्यावर दुसरी केस होऊ शकते. शिव्या नकोत. आकडेमोड, चिन्हं, कळणार नाही असं काही नको, सांकेतिक भाषा वाटते. "लवकरच सुटाल" असं लिहू नका, तुम्हाला माहीत नाही आणि त्यालाही माहीत आहे की तुम्हाला माहीत नाही. बिचारे बिचारे करू नका. पत्राला तारीख आणि क्रमांक घाला, म्हणजे मधलं एखादं गायब झालं तर कळतं. आणि प्रश्न विचारा, उत्तर द्यायला काहीतरी हवं ना माणसाला.

मग लिहायचं काय? तर रोजचं. अगदी रोजचं. हे ऐकून मला आधी वाटलं होतं की सात वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाला मी काय सांगू की आज ट्राम उशिरा आली? पण तेच सांगायचं असतं. आत भिंत दिसते, बाहेरची ट्राम नाही दिसत.

तर मी लिहिलं थालीपीठाबद्दल. बाहेर पहिला बर्फ पडत होता, पुण्याहून आईने भाजणी पाठवली होती, मी ती भिजवली, तव्यावर थापली, मधे भोकं पाडली, बोट भाजलं. रशियनमध्ये भाजणीला काय म्हणणार? मी सरळ रशियन अक्षरांत "भाजणी" लिहिलं आणि पुढे सगळी यादी, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धणे, प्रत्येकाचं प्रमाण. सांकेतिक भाषा म्हणजे दुसरं काय असतं? एक न कळणारा शब्द आणि त्यापुढे आकडे! तेच ते नाकारलेलं पत्र. कारण त्यांनी दिलं नाही, हा माझा आपला अंदाज, पण बाईंनी मजकूर वाचला आणि पहिल्यांदाच विणकाम खाली ठेवून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग दोघींनी मिळून ते "पाच धान्यं भाजून केलेलं पीठ" असं केलं, आकडे काढले, आणि ते गेलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली प्रमाण काढलंस तर त्या माणसाला करायचं कसं कळणार. म्हटलं आई, तो तुरुंगात आहे गं. तर म्हणे मग काय झालं, सुटल्यावर करेल.

गोरिनोव यांचं उत्तर मला आलेलं नाही, कधीच नाही. सात पत्रं घातली. ती पोचली की नाही, शिक्षाकोठडीत असल्यामुळे लिहिता आलं नाही, की ढीगभर पत्रांत माझी राहून गेली, मला कळायला मार्ग नाही आणि मी धरूनही बसले नाही. ज्यांना उत्तराची हमी हवी त्यांनी येऊ नये. हे रागाने म्हणत नाहीये, खरंच काहींना झेपत नाही, एक मुलगी तीन महिने आली आणि मग थांबली, तिला रात्री झोप लागेना.

पण दुसऱ्या एकाचं आलं. त्याचं नाव-गाव काही लिहीत नाही. लहान आहे, माझ्या भाच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल. चौकोनी रेघांच्या वहीचं पान, निळं पेन, कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का, आणि अक्षर इतकं बारीक की एकाच पानात मावेल तितकं मावून घ्यायचं ठरवलेलं दिसत होतं, समासातसुद्धा आडवं लिहिलेलं. मी पुण्याच्या पावसाबद्दल लिहिलं होतं तर त्याने विचारलं होतं की चार महिने पाऊस पडतो तर कपडे कधी वाळतात? आणि आंबा त्याने आयुष्यात फक्त ज्यूसच्या खोक्यातला प्यायलाय, तर खऱ्या आंब्याची चव कशासारखी असते? बघा, मी पुण्याची, आजोळ रत्नागिरीचं, हापूसवर तासभर बोलेन असं मला वाटत होतं, आणि मी त्या प्रश्नापुढे दोन संध्याकाळी बसले. कशासारखी म्हणजे? आंबा आंब्यासारखा लागतो. शेवटी वास सांगितला, आजोळच्या माडीवर पेंढ्यात घातलेल्या अढीचा, दार उघडलं की येतो तो, आणि आम्ही पोरं एकेक फळ हातात घेऊन दाबून बघायचो आणि आजी ओरडायची. दोन पानं झाली. जादा पानाचे जादा पैसे. दिले.

आता तो मुख्य प्रश्न, पुरीभाजीच्या रांगेतला. याने कोणी सुटतं का?

१ ऑगस्ट २०२४. अंकाराच्या विमानतळावर ती मोठी अदलाबदल झाली, रशिया आणि बेलारूसमधून सोळा जण बाहेर, इकडून आठ जण रशियात. गर्शकोविच त्यात, विरोधी नेते व्लादिमिर कारा-मुर्झा त्यात (दोनदा विषप्रयोग झालेला आणि पंचवीस वर्षांची शिक्षा असलेला माणूस), इल्या याशिन, मेमोरियल या मानवाधिकार संस्थेचे ओलेग ओर्लोव, आणि साशा स्कोचिलेंको, जिने सेंट पीटर्सबर्गच्या एका सुपरमार्केटात किमतीच्या पाच चिठ्ठ्यांच्या जागी युद्धाबद्दलच्या चिठ्ठ्या लावल्या म्हणून तिला सात वर्षं दिली होती. त्यातले बरेच जण त्याच रात्री कोलोन-बॉनच्या विमानतळावर उतरले. त्या संध्याकाळी कोणी न बोलावता आम्ही सगळे त्या बुटक्या खुर्च्यांवर जमलो. फोनवर याद्या येत होत्या, चुकीच्या, अर्ध्या, मग पुऱ्या. एकेक नाव खरं ठरलं की कोणीतरी उठून दोरीवरचा तो कागद काढायचं. साशाचा काढला तेव्हा लोक नाचले, खरंच, त्या टेबलांमधून.

गोरिनोव यांचा कागद दोरीवरच राहिला. २६ जुलैला, म्हणजे सहाच दिवस आधी, त्यांचा वाढदिवस झाला होता, त्रेसष्ट पूर्ण. याशिन आणि ते एकाच क्रास्नोसेल्स्कीचे, एकाच सभागृहातले सहकारी. बॉनच्या पत्रकार परिषदेत याशिननी त्यांचं नाव घेतलं, मागे आजारी माणसं राहिली आणि आपण बाहेर आलो हे आपल्याला सहन होत नाही अशा अर्थाचं बोलले, आपल्याला असं देशाबाहेर पाठवायला आपण संमती दिली नव्हती हेही म्हणाले. मी लाइव्ह बघत होते. नंतर नोव्हेंबरात गोरिनोव यांच्यावरच्या दुसऱ्या केसचा निकाल लागला, तुरुंगाच्या दवाखान्यात बरोबरच्या कैद्यांशी झालेल्या बोलण्यावरून, "दहशतवादाचं समर्थन", एकूण पाच वर्षं कडक तुरुंग, आणि पुढे पार सैबेरियात अल्ताईला पाठवलं. कागदावरचा पत्ता खोडून तीनदा बदललाय.

आणि ती अदलाबदल कशाच्या बदल्यात झाली? माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर क्लायनर टिअरगार्टन नावाची बाग आहे. २३ ऑगस्ट २०१९ ला भर दुपारी तिथे झेलिमखान खांगोश्विली या चेचेन वंशाच्या जॉर्जियन माणसाला सायकलवरून आलेल्या एकाने गोळ्या घातल्या. तो मारेकरी, वादिम क्रासिकोव, याला इथल्या कोर्टाने जन्मठेप दिली होती आणि खून रशियन सरकारच्या सांगण्यावरून झाला असं निकालात म्हटलं होतं. मॉस्कोला तो परत हवा होता, फार हवा होता. तो दिला तेव्हा हे सोळा आले. म्हणजे हिशोब सरळ आहे, सुटका झाली ती मुख्यतः एका खुन्याच्या बदल्यात, सरकारांच्या सौद्यात, माझ्या थालीपीठाने नाही. रशियातले विरोधी नेते नवाल्नीही त्या सौद्यात येतील असा प्रयत्न चालू होता, ते फेब्रुवारी २०२४ मध्येच तुरुंगात वारले. मी रोज भाजी आणायला त्या बागेतून जाते.

मग पत्रांचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल, आणि मीही म्हटलंय, मोठ्याने, त्या खोलीत. मला पटलेलं उत्तर एवढंच आहे. सौद्याच्या टेबलावर नाव जायला आधी ते नाव कुणाच्या तरी तोंडात राहावं लागतं. कारा-मुर्झांच्या बायकोने दोन वर्षं या राजधानीतून त्या राजधानीत फिरून नवऱ्याचं नाव घेतलं, गर्शकोविचच्या आईने कोणाकोणाची दारं ठोठावली. ज्यांच्याकडे अशी बायको नाही, मोठा पेपर नाही, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी ही दोरी. आणि दुसरं म्हणजे तुरुंगाच्या साहेबाला दर आठवड्याला एका कैद्याच्या नावाने परदेशी तिकिटांची पाकिटं दिसली की हा माणूस बेवारस नाही हे त्याला कळतं, हात उचलताना तो एकदा विचार करतो. करतोच असं नाही. सुटून आलेल्या बऱ्याच जणांनी जाहीरपणे सांगितलंय की पत्रांनी दिवस निघाले. मला तेवढं पुरतं. कोणाला नाही पुरणार, त्यांनी निदर्शनांना जावं, खासदाराला लिहावं, तेही हवंच आहे, इथे त्याचेही मसुदे ठेवलेले असतात पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ते मसुदे कोरडे आहेत, जर्मन सरकारी भाषेत, वाचता वाचता झोप येते. त्याला पाचपैकी दोन.

एक घरचं सांगते. माझे आजोबा, बाबांचे बाबा, आणीबाणीत येरवड्याला होते, सत्याग्रह करून गेलेले. आजीच्या ट्रंकेत त्यांची कार्डं अजून आहेत, प्रत्येकावर सेन्सॉरचा शिक्का, दोन-तीन ओळी काळ्या केलेल्या. लहानपणी मी ती कार्डं उजेडासमोर धरून काळ्याखालचं वाचायचा प्रयत्न करायचे. एकात लिहिलंय की इथे पेरूच्या झाडावर पोपट येतात, तुम्ही घराला चुना लावलात का. बस, एवढंच. आणि त्या काळात लंडनमध्ये काही लोक जयप्रकाशांच्या सुटकेसाठी "फ्री जेपी" म्हणून मोहीम चालवत होते, त्यांतल्या बहुतेकांनी येरवड्याचं फाटकही पाहिलं नसेल. आजोबांना त्याचा काय उपयोग झाला असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले काही नाही, पण आत बातमी आली होती, दोन दिवस बरॅकमध्ये सगळे ताठ चालत होते.

आता शेवटचं, येणाऱ्यांसाठी. महिन्याचा शेवटचा गुरुवार, संध्याकाळी सात, पण साडेसहाला या म्हणजे खुर्ची मिळते. लहान मुलांना आणलं तर चालतं, त्यांनी चित्रं काढावीत, चित्रं बहुतेक वेळा जातात, फक्त झेंडे आणि रणगाडे नकोत (एका पोराने प्रेमाने रणगाडा काढला होता, त्याला समजावता नाकी नऊ आले). कबुतरही नको म्हणतात हल्ली. मांजर सगळ्यात सेफ. रशियात जायचा विचार असेल, नोकरीनिमित्त किंवा भाचा-पुतण्या तिकडे एमबीबीएसला असेल, तर पाकिटावर स्वतःचं पूर्ण नाव घालायचं की नाही हे आधी त्या खोलीतल्या लोकांशी बोलून ठरवा, तिकडच्या सरकारने ज्या संस्थांना "अनिष्ट" ठरवलंय त्यांच्या कामात भाग घेतला तर तिथे कारवाई होऊ शकते, आणि मे २०२५ पासून त्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवाधिकार संस्थासुद्धा आहे. घाबरवत नाहीये, माहीत असावं. ऑनलाइन सेवेला माझ्याकडून पाचपैकी एक, तोही त्या चौकोनी रेघांच्या पानासाठी, ते पान त्यांच्याशिवाय माझ्यापर्यंत आलं नसतं हे कबूल करायला हवं. संध्याकाळीला चार. एक मार्क खुर्च्यांनी खाल्ला.

आणि पेन स्वतःचं आणा, निळं. तिथे बरणीभर पेनं आहेत, त्यातली तीनच चालतात आणि ती तिन्ही विणकामवाल्या बाईंच्या पिशवीत असतात.